ठसका

मिरचीच्या पथारीवर, म्हणजे लाल मिरची अंथरून वाळवतात त्या मैदानावर, बाईला दोन गोष्टी लागतात, झरझर चालणारी बोटं आणि जाड कातडी. तुळशीबाईकडे तिसरीही होती, तिचं नाक. त्या नाकाचा एवढा बोलबाला की पथारीचा मालक गिरधरशेठ व्यापाऱ्यांसमोर सांगायचा, "आमनी तुळशीबाई पोतं सोडाना आगोदर सांगस, मिरची कोना वावरमाथून उनी." आता हे जरा मिरचीला मीठ लावून सांगणं झालं, पण पोत्यात ओल आहे का, तळाला बुरशी धरली आहे का, हे तुळशीबाई बिनचूक सांगायची एवढं मात्र खरं. शेठनं हाक मारली की हातातला देठ टाकून ती उठायची, पोत्यात कोपरापर्यंत हात घालून मूठभर मिरची काढायची, चेहऱ्याजवळ धरायची, दोनदा हलवायची आणि मान डोलवून सांगायची, "चालस." किंवा नुसतीच मूठ परत टाकून द्यायची. तसं झालं की शेठ ते पोतं बाजूला लावायचा. बावीस वर्षं पथारीवर काढलेल्या बाईला एवढा मान मिळतो, तो काही थोडा नाही.

आता खरं सांगायला हवं. ते नाक तीन वर्षांपूर्वीच मेलं होतं. भादव्यात सर्दी झाली, आणि सर्दी गेली तेव्हा वास घेऊन गेली. तुळशीबाईनं महिनाभर वाट पाहिली, नाकात तूप घातलं, ओव्याची पुरचुंडी हुंगली. ओवाही मुका आणि तूपही मुकं. मग तिनं कुणाला काही न सांगता आपली सोय लावली. मिरची वाळलेली आणि चांगली असेल तर हलवल्यावर आतलं बी खुळखुळतं, ओल असेल तर गप्प बसतं. तुळशीबाई मूठ नाकाजवळ न्यायची ती दाखवायला, खरी न्यायची कानाकडे. तीन वर्षांत एकही पोतं परत आलं नाही. शेठला काय, पोत्याशी काम.

त्या साली दिवाळी झाली आणि आभाळ फिरलं. कार्तिकात कधी पडत नाही असा पाऊस दोन दिवस पडला. पथारीवर गुडघाभर लाल मिरची अंथरलेली, ताडपत्र्या टाकेपर्यंत निम्मी भिजली. गिरधरशेठनं ट्रॅक्टर लावून सगळा माल पत्र्याच्या शेडमध्ये भरला, मोठाले पंखे आणले, आणि बाहेरची ओल आत येऊ नये म्हणून चारही शटरं खाली ओढली. एका शटरला हातभर फट ठेवली, बायांना वाकून ये-जा करायला. उघड्या पथारीवर निदान वारा तरी धूळ घेऊन जायचा. शेडमध्ये पंखे तीच धूळ गोल गोल फिरवायचे आणि ट्यूबलाइटच्या उजेडात हवा केशरी दिसायची.

चाळीस बाया ओळीनं बसल्या होत्या. तोंडाला जुन्या साडीचं फडकं, डोक्याला फडकं, बोटांना एरंडेलाचा हात. कट्, कट्, कट् देठ मोडत होते. शेजारी बसलेली रूपलीबाई, तुळशीबाईच्याच वस्तीतली आणि वयानं दहा वर्षांनी थोरली, फडक्याआडून म्हणाली, "तुन्ही वहू कधी येस कामले?"

"सोमवारले. सव्वा महिना व्हई गया ना."

"पोर?"

"आनसू ना झोळीमा. मन्हा भरत आठेच झोळीमा मोठा व्हयना. कोठे काय व्हयनं त्याले?"

"खरं शे," रूपलीबाई म्हणाली. पथारीवर वाढलेल्या सगळ्या पोरांच्या आया असंच सांगतात.

तुळशीबाईचं घर शहराच्या कडेला, रनाळ्याकडे जाणाऱ्या रस्त्याच्या अंगाला. दोन खोल्या, पुढं ओटा, ओट्याला बांधलेल्या दोन बकऱ्या. मुलगा भरत सुरतेला बांधकामावर. घरात ती, सून आशा, सव्वा महिन्याची नात चेतना, आणि नवरा फत्तेसिंग. फत्तेसिंग हमाल होता, पोत्यासकट फळीवरून पडला तेव्हापासून एक पाय लंगडतो. आता बकऱ्या राखतो, आणि बायकोच्या मते उरलेला दिवस बडबड करतो.

म्हातारपणी त्याला एक नवीनच खोड लागली होती. उठता-बसता वासाची बातमी. "रूपलीनी आज मासा तळेल वाटस." "भरतनी माय, दूध देख, उतू जावाना वास उना." "आज हवामा पानीना वास शे बरं." तुळशीबाईला वाटायचं, रिकामा बसतो, खादाडपणा सुचतो, दुसरं काय. पण दूध बघायला ती उठायची हेही खरं.

त्या दिवशी संध्याकाळी घरी आल्यावर तिनं नेहमीचा सोपस्कार केला. आधी राखेनं हात घासले, मग ताकानं, मग खोबरेल चोळलं. तरी तळव्यांची आग जाईना. ती कधी जायचीच नाही. बावीस वर्षांत मिरची कातडीच्या आत मुरली होती. म्हणून नातीला घ्यायची तिची एक तऱ्हा होती. पदर हाताभोवती गुंडाळायचा, तळवे बाहेर वळवायचे आणि पोरीला मनगटांवर उचलायचं, गरम भांडं उचलावं तसं. आपलंच रक्त, पण उघड्या हातानं गालाला बोट लावायची सोय नाही. एकदा विसरून लावलं होतं तर गालावर लाल चट्टा उठला होता आणि तुळशीबाई रात्रभर स्वतःलाच शिव्या देत बसली होती.

"आत्याबाई, हिना डोकाना वास देखा ना," आशा म्हणाली. नुकतीच पोरीला न्हाऊ घातलं होतं. "कितला गोड शे."

तुळशीबाई वाकली. पोरीच्या टाळूवर नाक टेकवलं आणि खोल श्वास घेतला. नुसती हवा आली. तिनं दुसऱ्यांदा घेतला. बाकी कशाचं तिला काही वाटलं नव्हतं, मोगरा गेला, भाकरी गेली, फोडणी गेली, जाऊ दे म्हणाली होती. पण ह्या एका वासासाठी तिचा जीव तुटला.

"हां वं," ती म्हणाली. "दूधना येस."

दारात बिडी पेटवत बसलेला फत्तेसिंग तिच्याकडे बघत होता. बिडी न पेटवताच त्यानं कानावर ठेवून दिली.

सोमवारी आशा पोरीला घेऊन आली. शेडच्या लोखंडी खांबाला झोळी बांधली, वर ओली ओढणी टाकली. पहिल्या तासातच पोर शिंकायला लागली. मांजराच्या पिलाच्या शिंका असतात तशा, बारीक आणि लागोपाठ. ओळीतल्या बाया हसल्या. "मिरचीनी वळख करी ऱ्हायनी," कुणीतरी म्हणालं. दुपारी दूध पाजायची वेळ झाली तेव्हा आशानं घरून आणलेल्या बाटलीतल्या पाण्यानं हात धुतले, छाती पुसली, पोरीला पदराआड घेतलं. पोरीनं तोंड लावलं आणि अशी किंचाळली की पंख्यांच्या घरघरीतही सगळ्या शेडला ऐकू गेलं. चोळीच्या आत धूळ गेली होती. आशानं पुन्हा धुतलं, पुन्हा पाजलं, पोर पुन्हा किंचाळली. शेवटी दूध गळत राहिलं आणि आशा शटराच्या फटीशी भिंतीकडे तोंड करून रडत राहिली. तुळशीबाईला उठून सुनेच्या पाठीवरून हात फिरवावा वाटलं, पण हाताकडे पाहून ती बसून राहिली.

त्याच दिवशी शीला नावाची नवीन पोरगी खोकून खोकून बाहेर पळाली आणि ओकली. थोरल्या बाया म्हणाल्या, "आठ दिनमा सवय व्हई जास." तुळशीबाईही तेच म्हणाली. तिला स्वतःला ठसका आठवतच नव्हता. सकाळी उठल्यावर कोरडा खोकला यायचा, चार पावलं भरभर चाललं की धाप लागायची, पण ते वयाचं. ठसका मात्र नाही. आपल्या हाडीच ताकद आहे असं ती मानायची.

बुधवारी संध्याकाळी पोरीच्या छातीतून शिट्टी वाजायला लागली. दूध घेईना, रडायची तर आवाज बसलेला. रूपलीबाई बघायला आली. तिनं पोरीच्या डोळ्यांत पाहिलं, बोटं मोडली.

"नजर लागनी, तुळशी. शेडमा चाळीस बायास्नी देखी तिले. गोरी पोर शे."

तुळशीबाईला पटलं. नातीच्या गोरेपणाचा तिला मनातून अभिमान होता, आणि अभिमानाला नजर लागतेच. फत्तेसिंग बकऱ्या आणायला नाल्याकडे गेला होता. आशा नळाला पाणी आलं म्हणून हंडा घेऊन गेली होती. चुलीत निखारे होते. तुळशीबाईनं झोळी चुलीजवळ ओढली, मुठीत मीठ-मोहरी आणि सात लाल मिरच्या घेतल्या, पोरीवरून सात वेळा उतरवल्या आणि चुलीत टाकल्या.

रीत सगळ्यांना माहीत आहे. मिरच्या जळल्या आणि घरभर ठसका उठला तर समजायचं, नजर नव्हती. ठसका उठलाच नाही तर समजायचं, नजर होती आणि तिनं मिरचीचा तिखटपणा खाल्ला. मिरच्या तडतडल्या, काळ्या पडल्या. दोघी म्हाताऱ्या चुलीपाशी बसून वाट बघत राहिल्या.

"उना का ठसका?" रूपलीबाईनं विचारलं.

"नही. तुले?"

"मालेबी नही." रूपलीबाईचा चेहरा गंभीर झाला. "भारी नजर शे, माय. आखो टाक."

तुळशीबाईनं पदराच्या गाठीतली, शेडमधून आलेली चांगली ओंजळभर मिरची काढली, उतरवली, टाकली. धूर वर चढला आणि खाली उतरला. डोळ्याला थोडं पाणी आलं, ते चुलीचं असेल. झोळीत पोर हातपाय झाडत होती, घशातून घोगरा आवाज काढत होती. नजर निघताना पोर अशीच कासावीस होते, रूपलीबाई म्हणाली. मग पोर गप्प झाली.

"देख, उतरनी," रूपलीबाई म्हणाली.

तेवढ्यात दारात हंडा पडल्याचा आवाज झाला. उंबऱ्याशी आशा दोन्ही हातांनी गळा धरून वाकली होती, खोकत होती, तिला बोलता येत नव्हतं, ती नुसती झोळीकडे बोट दाखवत होती. मागून लंगडत फत्तेसिंग आला. त्यानं डोक्याचा रुमाल तोंडावर दाबला, आत शिरला, झोळीसकट पोर उचलली आणि बाहेर धावला. लंगडा पाय त्या वेळी कुठे गेला होता देव जाणे. ओट्यावर त्यानं पोरीला उलटं करून पाठीवर थोपटलं. तिचे ओठ जांभळे दिसत होते. शेजारपाजारचे लोक तोंडावर हात धरून लांब उभे होते, आणि घरात चुलीपाशी त्या दोघी बायका, काय झालं ते न कळून, अजून तशाच बसल्या होत्या.

दवाखान्यात पोरीच्या नाकातोंडावर इवलासा मास्क लावून वाफ दिली. तासाभरानं ओठांचा रंग परत आला. आशा खाटेच्या कडेला बसून पोरीचे तळपाय चोळत होती. ती सासूशी एक शब्द बोलली नाही, आणि तुळशीबाईला ते बरोबरच वाटलं.

डॉक्टरीणबाई तरुण होत्या, धुळ्याकडच्या. शांतपणे विचारत होत्या. "घरात काय जाळलं?"

"नजर काढी, बाई. मिरच्या टाक्यात."

"आणि तुम्हाला काहीच झालं नाही?"

"ठसकाच उना नही," तुळशीबाई म्हणाली. "म्हनीसन आखो टाक्यात."

डॉक्टरीणबाईंनी पेन खाली ठेवला. तिला स्टुलावर बसवलं, डोळे मिटायला सांगितले, नाकाजवळ काहीतरी धरलं. "कशाचा वास येतो?"

तुळशीबाईनं अंदाज बांधला. दवाखाना आहे, दुसरं काय असणार. "दवाईना."

"आणि हा?"

"तोबी दवाईना."

"डोळे उघडा." बाईंच्या हातात सोललेल्या संत्र्याची फोड होती. तीन वर्षं शेठला, व्यापाऱ्यांना, सगळ्या पथारीला फसवलेली तुळशीबाई एका संत्र्याच्या फोडीपुढं उघडी पडली. लाजेनं तिची मान खाली गेली.

मग एका नळीत फुंकायला लावलं. नळीतला काटा जरासा हलला आणि परत बसला. पुन्हा फुंकायला लावलं. त्या वेळी तर तेवढाही हलला नाही. बाईंनी किती वर्षं काम, शेड बंद असते का उघडी, सकाळी खोकला येतो का, सगळं लिहून घेतलं. मग खुर्ची जवळ ओढून सांगितलं.

"मावशी, ठसका येतो म्हणजे घसा धूळ बाहेर फेकत असतो. तुमच्या घशानं फेकणं सोडून दिलंय. बावीस वर्षांची धूळ सरळ छातीत जातेय. तुम्ही त्याला सवय म्हणता. तुमचं जेवढं गेलं तेवढं परत येईल असं मी सांगत नाही. पण आता शेडमध्ये जाऊ नका. आणि ही पोर सव्वा महिन्याची आहे, तिला तर त्या शटराजवळही नेऊ नका."

"हात?" तुळशीबाईनं विचारलं. "हातनी आग जाई का?"

बाईंना प्रश्न जरा वेगळाच वाटला. "काम सोडलं तर जाईल. महिनाभर लागेल."

पोरीला सकाळपर्यंत ठेवून घेतलं. आशा आत, तुळशीबाई आणि फत्तेसिंग बाहेर पायऱ्यांवर. रस्त्यावरून विसरवाडीची एसटी गेली. तुळशीबाईला आठवलं, एकदा त्याच गाडीनं बहिणीकडे जाताना शेजारची बाई नाकाला रुमाल लावून उठून गेली होती आणि कंडक्टर म्हणाला होता, मावशी, मिरचीचं पोतं टपावर टाका ना. पोतं नव्हतंच. तिच्या हातात नुसती पिशवी होती, आत बहिणीच्या पोरांसाठी चिवडा. तेव्हा तिला हसू आलं होतं.

"माले मालूम व्हतं," फत्तेसिंग एकदम म्हणाला.

"काय?"

"तुन्हं नाक गयं ते. तीन वर्सपासून."

तुळशीबाईनं वळून पाहिलं. "कसं?"

"करपेल डाय तू खाई लिधी. वरतून म्हने, आज मस्त व्हयनी."

"मंग बोलनात काबर नही?"

"बोलतू तं तुले वाईट वाटतं. पथारीवर तुन्हा कितला मान." त्यानं कानावरची बिडी काढली, बोटांत फिरवली, परत ठेवली. "म्हनीसन तं रोज वास सांगत ऱ्हायनू. दूधना, पानीना. माले काय हौस शे का रूपलीना मासास्नी?"

तुळशीबाईला हसावं की रडावं कळेना. तीन वर्षं हा लंगडा माणूस तिच्यासाठी घरभर हुंगत फिरत होता आणि ती त्याला खादाड म्हणत होती. तिनं पदर हाताला गुंडाळला आणि त्या हातानं त्याचा हात धरला. त्यानं पदर सोडवून टाकला आणि उघडाच तळवा हातात घेतला. भाजत असेल, पण त्यानं सोडला नाही.

दुसऱ्या दिवशी पोर आणि आशा घरी आल्यावर तुळशीबाई शेडवर गेली. आशा म्हणाली, "आते कसाले जातस, आत्याबाई?" सासूशी तिचं ते कालपासूनचं पहिलं बोलणं. तुळशीबाई म्हणाली, "तठे चाळीस बाया शेत. येस मी."

चेहऱ्याला फडकं बांधून ती शटराखालून वाकून आत गेली. गिरधरशेठ आतच होता, गुजरातचा व्यापारी यायचा होता म्हणून घाईत. "तुळशीबाई, बरं व्हयनं उनी. हाई पोतं देख बरं."

"मी देखू शकत नही, शेठ. मन्हं नाक तीन वर्सपासून बंद शे."

देठ मोडायचा आवाज ओळीत जागोजागी थांबला. शेठला आधी थट्टा वाटली. मग त्याचा चेहरा बदलला. "मंग मन्हा माल कोन पास करी ऱ्हायनं?"

"मन्हा कान." तिनं मूठभर मिरची त्याच्या कानापाशी हलवली. "आईक. ही चालस. आते ही आईक. मुकी शे. यामा ओल शे."

"म्हंजे तीन वर्स तू माले फसाडं."

"एक तरी पोतं परत उनं का?"

आलं नव्हतं, हे शेठलाही माहीत होतं.

"फसाडं ते खरं," तुळशीबाई म्हणाली. "त्याना राग तुम्ही मन्हावर काढा. पन शटर वर करा. बायास्ना घसा गयात. काल मन्ही नात मराले टेकेल व्हती."

"कोना घसा गया?" शेठला आता रागच आला. "देख, बठ्ठ्या चुपचाप बठेल शेत. कोन्ही खोकी तरी ऱ्हायनं का? शटर वर करं तं दवनी मिरची ओली व्हई. मंग तू भरून देशी का?"

तुळशीबाईनं ओळीकडे पाहिलं. खरंच कुणी खोकत नव्हतं, नव्या पोरी सोडल्या तर. त्या फडक्यात तोंड दाबून हळूच खोकत होत्या, हसतील म्हणून. कोपऱ्यात चहाची शेगडी पेटलेली होती. तुळशीबाई तिथं गेली, भांडं उतरवलं, आणि ओंजळभर मिरची निखाऱ्यावर टाकली.

पंख्यांनी ती धार उचलली आणि शेडभर फिरवली. सगळ्यांत आधी शीला उठली, मग तिच्या ओळीतल्या नव्या पोरी, मग दोन-चार वर्षं झालेल्या. शटराच्या फटीशी रेटारेटी झाली. गिरधरशेठ खोकत खोकत अर्ध्यात पोचला, फटीखालून वाकवेना, म्हणून त्यानं दोन्ही हातांनी शटर वर ढकललं, ते खडखडत वर गेलं आणि तो बाहेर पाण्याच्या टाकीशी जाऊन पडला. डोळे पुसले, चूळ भरली, परत खोकला. दम खाऊन त्यानं मागं वळून आत पाहिलं.

धुरात नऊ बाया ओळीनं बसल्या होत्या. सगळ्या थोरल्या, निदान पंधरा-वीस वर्षांच्या जुन्या. कुणाचं फडकंही सरकलं नव्हतं. कट्, कट्, कट् देठ मोडत होते. त्यांच्यामागं शेगडीपाशी तुळशीबाई उभी होती. रूपलीबाईनं मान वर केली, रिकाम्या ओळीकडे पाहिलं आणि विचारलं, "काय व्हयनं वं? कोठे पयन्यात बठ्ठ्या?"

रूपलीबाई गिरधरशेठच्या बापाच्या वेळेपासून कामाला होती. शेठ लहान असताना शेंगदाणे मागायला तिच्याच ओटीत हात घालायचा. तो तिच्याकडे बघत राहिला, नाकातून पाणी गळत होतं ते पुसायचंही त्याला सुचलं नाही.

"बाहेर या, रूपलीमाय," तो शेवटी म्हणाला. "बठ्ठ्या बाहेर या." मग टाकीशी उभ्या मजुराकडे न बघता म्हणाला, "चारी शटर वर करा."

म्हणून काही पथारीचा स्वर्ग झाला नाही. दोन दिवसांनी दव पडलं तेव्हा उगवतीचं शटर अर्धं खाली आलं होतं, रूपलीबाईनं आरडाओरडा करून ते वर करवलं. बुरशी धरून चार पोती गेली, त्यावरून शेठ महिनाभर तुळशीबाईच्या नावानं कुरकुरत होता. झोळ्या लिंबाखाली गेल्या, वाऱ्याच्या वरच्या अंगाला. ऊन पडल्यावर काम परत उघड्या पथारीवर आलं. आशा कामाला जाऊ लागली, तुळशीबाई काम सोडून पोरीपाशी घरी राहिली. दुपारी तुळशीबाई वरच्या दुधावर वेळ मारून न्यायची आणि संध्याकाळी आशा आली की आधी न्हाणी, मग दुसरी साडी, मग पोर. न्हाणीत पाणी तुळशीबाईच ओतायची, सुनेच्या केसांवर चार तांबे जास्तच. एकदा ओतता ओतता आशा म्हणाली, "आत्याबाई, तुम्हीबी आते बठा थोडं." त्या दिवशी तुळशीबाईला वाटलं, सुटलं बाई एकदाचं.

पथारीचा मान गेला याचं तिला वाईट वाटायचं, खोटं कशाला सांगा. सकाळी बाया फडकी बांधून निघाल्या की तिचे पाय उंबऱ्यापर्यंत जायचे. खोकला तसाच होता, वासही आला नव्हता. डॉक्टरीणबाईंनी दिलेली औषधाची फुसफुशी ती वेळच्या वेळी तोंडात मारायची.

पौषात एका संध्याकाळी आशा न्हात होती. ओट्यावर ऊन उतरलं होतं. फत्तेसिंग पोरीला मांडीवर घेऊन बसला होता, बकऱ्या कुडाला खेटून रवंथ करत होत्या.

"वास ल्या ना तिना," तुळशीबाई म्हणाली.

"आं?"

"डोकाना. माले सांगा, कसा येस ते."

फत्तेसिंग वाकला. त्यानं घाई केली नाही. टाळूवर नाक टेकवलं, डोळे मिटले, मग कानामागं, मग मानेच्या वळीत. "दूधना येस थोडा," तो म्हणाला. "थोडा तेलना. गोधडी उनमा तपस ना, तसाबी येस."

"आखो?"

त्यानं पोरीची इवलीशी मूठ उघडली आणि तळवा हुंगला.

"भरत इतलासा व्हता तव्हा त्याना हातले, डोकाले, बठ्ठं आंगले मिरचीना वास ये," तो म्हणाला. "तुले याद शे?"

तिला आठवत होतं. तेव्हा तिचं नाक जिवंत होतं, आणि मुलाचा वास असाच असतो असं ती धरून चालली होती. "आन हिले?" तिनं विचारलं.

"हिले नही येस."

"नीट देखा."

त्यानं पुन्हा नीट हुंगलं, दोन्ही हात, दोन्ही पाय. "नही," तो म्हणाला. "जराबी नही."

तुळशीबाईनं पोरीला आपल्याकडे घेतलं. पदर गुंडाळायचं तिच्या ध्यानातच आलं नाही. आपले उघडे तळवे पोरीच्या गालांवर आहेत हे तिला जरा वेळानं कळलं आणि ती दचकली, हात मागं घेणार तेवढ्यात पोरीनं तिचा अंगठा धरला, तोंडात घातला आणि चोखायला लागली. तुळशीबाई श्वास धरून बघत राहिली. पोर रडली नाही. न्हाणीतून आशानं विचारलं, पोर काय करी ऱ्हायनी, आणि तुळशीबाई म्हणाली, काही नही वं, तू न्हा आरामनं.